स्टेअरिंग कुरकुरलं की लगेच रॅक बदलायचा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांचं सदर येतं त्यात एका वाचकाने विचारलं होतं की स्टेअरिंग फिरवताना कुरकुर आवाज येतो, काय करावं. उत्तर काय छापलंत तर 'अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्यावे'. बस्स, एक ओळ. आणि त्याच्याखाली अर्धं पान नवीन एसयूव्हीचं सनरूफ केवढं मोठं आहे ते. दाखवून घ्यावे हे आम्हालाही कळतं हो, पण तिथे गेल्यावर नेमकं सांगायचं काय, विचारायचं काय हे कुणीच सांगत नाही आणि तेवढ्यावरूनच वीस-पंचवीस हजाराचा फरक पडतो. माझं ताजं उदाहरण आहे म्हणून लिहायला बसले, लांबलं तर कापा पण मधलं तांत्रिक कापू नका, त्यासाठीच लिहितेय.

आमची गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचं नाव देत नाही, एवढी चाललेली गाडी आहे, झिजणारच. कराडहून उंब्रजला शाळेत मीच घेऊन जाते. हायवेच्या सहापदरीकरणामुळे डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, खडी, धूळ हे रोजचंच झालंय आणि घरी गल्ली इतकी अरुंद की उभ्या गाडीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्याशिवाय गाडी बाहेर निघतच नाही. उन्हाळ्यात आवाज सुरू झाला, गंजलेलं लोखंडी फाटक कुणीतरी हळूहळू उघडतंय असा, डाव्या चाकाकडून. पावसाळा लागला आणि आवाज गायब. घरात सगळे म्हणाले बघ, गेला आपोआप. दसऱ्याच्या सुमाराला ऊन तापलं तसा परत आला आणि आता स्पीडब्रेकरवरून उतरताना पण यायला लागला.

सर्व्हिस सेंटरला (अधिकृतच, तुमच्या सदरात सांगतात तसं) गेले. काउंटरवरच्या मुलाने स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड आला नाही. येणार कसा, स्कॅनर सेन्सरचं ऐकतो, सुकलेल्या रबराचं आणि लोखंडाचं त्याला काय कळणार. गाडी एक चक्कर मारून बघितली नाही, चाकाकडे वाकून पाहिलं नाही, उभ्या उभ्याच म्हणाला, मॅडम रॅक गेलाय, या मॉडेलला कॉमन आहे. (रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा.) एस्टिमेटची प्रिंट हातात दिली. रॅक असेंब्ली, लेबर, अलाइनमेंट सगळं मिळून २६ हजाराच्या वर आणि शेवटच्या ओळीत 'पॉवर स्टेअरिंग ऑइल टॉप-अप, ४५० रुपये'.

तिथे मी थांबले. कारण आमच्या गाडीच्या स्टेअरिंगला ऑइल नसतंच! जुन्या गाड्यांना आणि अजूनही काही मोठ्या गाड्यांना हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असतं, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर एक पंप फिरतो आणि तो ऑइलच्या दाबाने चाक वळवायला मदत करतो. हल्लीच्या छोट्या गाड्यांना जवळपास सगळ्यांना इलेक्ट्रिक असतं, स्टेअरिंगच्या दांड्यालाच एक मोटर बसवलेली, ना पंप, ना ऑइल, ना पाइप. आपलं कुठलं हे ओळखायला इंजिनिअर व्हायची गरज नाही. बॉनेट उघडा, ज्याच्या झाकणावर स्टेअरिंगचं चित्र आहे अशी छोटी प्लास्टिकची टाकी दिसली तर हायड्रॉलिक, कुठेच नसेल तर इलेक्ट्रिक. मी त्या मुलाला विचारलं, ऑइल घालणार कुठे, टाकी दाखव. तर म्हणतो, सिस्टीममध्ये पॅकेज बाय डिफॉल्ट येतं मॅडम. आणि पुढे, संध्याकाळी सरांना घेऊन या, त्यांना नीट समजावून सांगतो. आमचे सर बँकेत आहेत आणि बॉनेट कुठून उघडतं ते त्यांना अजून सापडलेलं नाही, असो.

मग सहकारी शिक्षकांनी सांगितलं म्हणून मलकापूरच्या बाजूला एका मिस्त्रीकडे गेले. पत्र्याची शेड, एक पिट (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा), बाहेर दोन रिक्षा सोडलेल्या. गाडीला हात लावायच्या आधी या माणसाने प्रश्नच विचारले. आवाज उभ्या गाडीत येतो का चालत्या? दोन्हीकडे वळवल्यावर येतो का एकाच बाजूला? स्टेअरिंग पूर्ण टोकाला गेल्यावर येतो का मधे फिरवताना? सकाळी गाडी थंड असताना जास्त का गरम झाल्यावर? गाडी धुतल्यावर, पावसात काय होतं? खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर येतो का? आवाज कानाला येतो का हाताला, म्हणजे स्टेअरिंगमध्ये थरथर लागते का? मी पावसाळ्यात बंद होता म्हणल्यावर त्याने मान हलवली आणि बोलला, मग हे आतलं नाही बाई, खालचं आहे, ज्याला पाणी लागतं तिथलं.

संपादक साहेब, हे प्रश्न तुम्ही चौकटीत छापा म्हणजे निम्मं काम होईल.

पुढे त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. गाडी पिटवर घेतली, मला आत बसवलं. आधी इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग डावी-उजवी करायला लावली, मग इंजिन बंद करून. बंद गाडीत जड जातं, दोन्ही हात लावावे लागले, पण आवाज तसाच आला. म्हणजे बेल्ट, पंप, मोटर असे इंजिन चालू असतानाच येऊ शकणारे आवाज एका झटक्यात बाद. मग त्याने चाकाच्या वरून हात घालून शॉकअपच्या स्प्रिंगवर पंजा ठेवला आणि मला परत हळू फिरवायला सांगितलं. शॉकअपच्या वरच्या टोकाला, बॉनेटखाली, एक माउंटिंग आणि बेअरिंग असतं, ते धूळ-पाण्याने जाम झालं की स्प्रिंग चाकाबरोबर सुरळीत फिरत नाही, पीळ खाते आणि मग एकदम टंण करून सुटते, हाताला झटका कळतो. आमची स्प्रिंग गुमान फिरत होती. नंतर खाली उतरून लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक एकेका जोडावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तसं. रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला टेकवलं, काही नाही. रॅकच्या बॉडीवर, काही नाही. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा लोखंडी हात, त्याच्या बॉल जॉइंटवर (वाटीत फिरणारा गोळा) टेकवलं आणि हसला. मला बाहेर बोलावून टॉर्चने दाखवलं, जॉइंटवरचं रबरी बूट (टोपण) एका बाजूने उसवलेलं, आत ग्रीसच्या जागी वाळलेली तांबडी माती.

तरी त्याने लगेच पार्ट सांगितला नाही. इंजेक्शनची सिरिंज घेतली, फाटलेल्या बुटातून आत थोडं ग्रीस सोडलं आणि म्हणाला आता फिरवा. आवाज बंद. अगदी ठार बंद. हा पुरावा मला त्या २६ हजाराच्या एस्टिमेटमध्ये कुठेच मिळाला नव्हता.

मी साहजिकच म्हणलं की मग असंच चालवू का. तो नाही म्हणाला आणि का नाही तेही सांगितलं. ग्रीसने आवाज थोडे दिवस थांबेल पण बूट फाटलेलं आहे, माती आत गेलेली आहे, बॉल आणि त्याची वाटी दोन्ही घासत राहणार, सैल होणार. एक दिवस खड्ड्यात बॉल वाटीतून निसटला तर चाक खालून बाहेरच्या अंगाला फाकतं, गाडी तिथेच बसते आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. हायवेवर ऐंशीच्या स्पीडला हे झालं तर काय, विचार करा. म्हणजे ज्या आवाजाकडे मी सहा महिने कानाडोळा करू शकले असते तो स्वस्तातला होता पण साधा नव्हता. आणि रॅक बदलला असता तर २६ हजार जाऊन बॉल जॉइंट तसाच राहिला असता, तो काय रॅकबरोबर येत नाही!

आमच्या मॉडेलला बॉल जॉइंट सुटा न मिळता अख्ख्या लोअर आर्मबरोबर येतो. डावा लोअर आर्म, मजुरी आणि नंतरचं अलाइनमेंट सगळं धरून ४ हजाराच्या आत बसलं. उजवीकडचं बूट पण तपासलं, धड होतं, म्हणून त्याने उगाच जोडी बदला वगैरे केलं नाही. काम करताना एक गोष्ट मुद्दाम बघितली ती लिहिते कारण ही घाईत सगळीकडे चुकवतात: लोअर आर्म गाडीला जिथे जोडलेला असतो तिथल्या रबरी बुशचे बोल्ट त्याने गाडी जॅकवर असताना नुसते हाताने बसवले आणि गाडी खाली उतरून चाकांवर वजन आल्यावर मगच फायनल टाईट केले. कारण चाक लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो, त्याच स्थितीत बोल्ट आवळले की गाडी खाली आल्यावर बुशच्या रबराला कायमचा पीळ बसतो, ते लवकर फाटतं आणि तेच परत कुईकुई करायला लागतं. नवीन पार्ट टाकला तरी आवाज आहेच अशी तक्रार घेऊन लोक फिरतात त्यातल्या काहींचं कारण हे असतं.

आता सगळ्यांच्याच गाडीत बॉल जॉइंट असेल असं अजिबात नाही, म्हणून इतर गोष्टी पण सांगते, काही त्या मिस्त्रीकडून कळलेल्या आणि काही नंतर खोदून खोदून वाचलेल्या.

आवाज पायाशी, डॅशबोर्डच्या खालून येत असेल, रबर चोळल्यासारखा, आणि उभ्या-चालत्या गाडीत सारखाच, तर बऱ्याचदा स्टेअरिंगचा दांडा जिथे केबिनमधून इंजिनाकडे जातो तिथल्या रबरी सीलचा असतो. ते सील कोरडं पडलं की दांडा त्यात घासतो. याला सिलिकॉन ग्रीसचं एक बोट पुरतं, रॅक नको नि मोटर नको. खात्री करायची तर पुढची दोन्ही चाकं उचलून स्टेअरिंग फिरवा (गाडीबरोबर येणाऱ्या कात्रीच्या जॅकवर नाही हां, नीट स्टँड लावून आणि मागच्या चाकांना दगड लावून, आणि खाली कुणी झोपायचं नाही). चाकं हवेत असतानाही आवाज तसाच तर तो वरचा, दांड्याचा नाहीतर रॅकचा. हवेत गायब आणि जमिनीवर हजर तर तो वजनाचा, म्हणजे बॉल जॉइंट, शॉकअपचं बेअरिंग, बुश नाहीतर टायर. ही एक चाचणी कुठल्याही गॅरेजला दहा मिनिटांत करता येते.

टायर म्हणलं ते उगाच नाही. पुण्यात मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी वळवताना चीं चीं आवाज येतो तो गुळगुळीत कोटिंग केलेल्या फरशीवर टायर घासल्याचा असतो, सगळ्यांच्याच गाड्यांचा येतो, तिथे कान देऊन ऐका. बाहेर डांबरी रस्त्यावर येत नसेल तर विसरून जा. माझ्या भाच्याने रुंद टायर आणि अलॉय टाकलेत त्याचं चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतं आणि तो सस्पेंशनला शिव्या देतो, लायनरवर टायरचा काळा चकचकीत पट्टा उठलाय तो बघायला तयार नाही.

बेल्टचा आवाज वेगळा, कर्कश, शिट्टी फुंकल्यासारखा, सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करून एसी लावून स्टेअरिंग टोकाला नेलं की हमखास. हायड्रॉलिकवाल्यांना हा जास्त, कारण टोकाला पंपावर सगळ्यात जास्त लोड येतो आणि ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट पुलीवर घसरतो. (म्हणून टोकाला नेऊन तिथेच दाबून धरू नये, पंप तापतो.) पण इलेक्ट्रिक स्टेअरिंगवाल्यांनी बेल्टचा आपला संबंध नाही असं समजू नका, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ती मोटर भरपूर करंट ओढते, तो करंट अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारं यंत्र) देतो आणि अल्टरनेटर बेल्टवरच फिरतो. बेल्ट तपासायची युक्ती म्हणजे इंजिन चालू असताना लांबून पाण्याचा बारीक फवारा बेल्टच्या रेषांच्या बाजूवर मारायचा, साडीचा पदर, ओढणी, बाह्या लांब ठेवून. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली सरळ रेषेत नाहीत, उलट वाढला तर ताण कमी आहे. हायड्रॉलिकला ऑइल कमी असेल तर कुरकुर नाही, घूंऽऽ असा कण्हण्याचा आवाज येतो, आणि ते ऑइल काही जळून संपत नाही, कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. टॉप-अप करून पैसे घेणाऱ्याला गळती कुठे आहे ते विचाराच. आणि जे ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, कुणी ब्रेक ऑइल ओतायला निघाला तर हात धरा, सगळी सीलं जातात.

चालत्या गाडीत पूर्ण वळवल्यावर कट कट कट आवाज आला तर तो या पत्राचा विषय नाही, तो एक्सलचा जॉइंट. आणि चाकातून नुसता पत्रा घासल्यासारखा आला तर आधी ब्रेकच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलाय का बघा, आमच्या डायव्हर्जनवर हे फार होतं.

आवाज थेट स्टेअरिंगच्या चाकाच्या आतून, प्लास्टिक घासल्यासारखा येत असेल तर मात्र घरी स्क्रू काढायला बसू नका. चाकाच्या मागे गुंडाळलेली पट्टी असते, क्लॉक स्प्रिंग म्हणतात, हॉर्न आणि एअरबॅगची वायर त्यातून जाते, आणि १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे म्हणजे आता जवळपास प्रत्येक घरातल्या गाडीत हे प्रकरण आहे. ती एअरबॅग बॅटरी न काढता छेडली तर तोंडावर फुटू शकते. इथे खुशाल अधिकृत सेंटरला जा, इथे तुमचं सदर बरोबर आहे.

आता स्प्रेबद्दल. प्रत्येक गल्लीत एक काका असतात जे निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-फॉर्टी घेऊन सगळीकडे फसफस मारतात आणि बघा गेला आवाज म्हणतात. जातो, आठवडाभर. पण तो मुळात गंज सोडवायला आणि ओल काढायला आहे, जॉइंटमध्ये उरलंसुरलं ग्रीस असतं तेही तो पातळ करून घालवतो, आणि चुकून ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर आवाजापेक्षा भारी संकट. खोबरेल तेल घालणारेही पाहिलेत. सगळ्यात वाईट म्हणजे धुण्याच्या सेंटरवर गाडी उचलून खालून डिझेल नाहीतर जळकं ऑइल मारतात, गंज लागत नाही म्हणून. पत्र्याचं काय व्हायचं ते होवो, पण खालची रबरी बुशं आणि बुटं त्या तेलाने फुगतात, मऊ पडतात आणि फाटतात. रबराला सिलिकॉनच, तेल नाही. गाडी धुवायला दिली की मी आता स्पष्ट सांगते की खालून नुसतं पाणी मारा, ऑइल नको, तर तो मुलगा माझ्याकडे अशा नजरेने बघतो की बाई कंजूष आहे.

स्पीडब्रेकरचं थोडं बोलते, पत्र वर्तमानपत्राला आहे म्हणल्यावर नगरपालिकेला सोडून कसं चालेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर उताराचा असायला पाहिजे, ताशी २५ च्या वेगाने गाडी सहज वर चढून उतरेल असा. आमच्या शाळेच्या रस्त्यावर गावकऱ्यांनी टाकलेला स्पीडब्रेकर एक फूट रुंद आहे नि उंची विचारू नका, त्यावरून गाडी चढत नाही, आपटते. तो प्रत्येक दणका बॉल जॉइंटवर आणि शॉकअपच्या माउंटिंगवर जातो. मुलांसाठी स्पीडब्रेकर पाहिजेच, मी स्वतः शिक्षिका आहे, पण मापात टाकायला काय होतं.

मूळ मुद्दा पैशाचा आहे. सर्व्हिस सेंटरला आवाज शोधायचे वेगळे पैसे आपण देत नाही. पार्ट काढला-बसवला तरच लेबर लागतं, मग तास-दीड तास कान लावून बसणारा माणूस त्यांना परवडत नाही, त्यापेक्षा मोठी असेंब्ली बदलली की आवाज बहुतेक जातो आणि बिलही होतं. त्या काउंटरवरच्या मुलावर माझा राग नाही, त्याला टार्गेट असणार. पण आपण गिऱ्हाइकंही कमी नाही, मिस्त्रीने तासभर पिटमध्ये घालवला आणि शोधायचे तीनशे मागितले तर म्हणतो, अरे नुसतं बघितलंस ना, त्याचे कसले पैसे! मी त्याला तपासणीचे वेगळे दिले, तो नको म्हणत होता तरी. ते तीनशे-चारशे वाचवायला जातो तिथेच पुढचे वीस हजार जातात.

बाहेरच्या गॅरेजवाल्यांची पण एक बाजू आहे. त्यांना बऱ्याच मॉडेलचे पार्ट, दुरुस्तीची माहिती, स्कॅनरची सॉफ्टवेअर सहज मिळत नाहीत. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, पुढे ते कोर्टकचेऱ्यांत गेलं. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं, राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं त्यात गाड्याही आहेत, किती लोकांना माहीत आहे? तुमच्या सदरात एकदा तरी आलंय का? बिलात न झालेल्या कामाचे पैसे लावले तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो हे पण छापा. आमच्या त्या टाकीच नसलेल्या गाडीच्या ऑइलचे ४५० रुपये मी एस्टिमेटवरच पकडले म्हणून वाचले, न वाचता सही करणारे किती असतील.

आणि सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या म्हणावं लोकांना: आवाज कुठून येतोय हे मला दाखवणार का, पार्ट बदलूनही आवाज राहिला तर काय, आणि काढलेला जुना पार्ट मला परत देणार का. जुना पार्ट डिकीत ठेवून घ्या, भंगारात का जाईना. माझा तो लोअर आर्म मी शाळेत नेला होता, नववीच्या पोरांना बॉल आणि सॉकेट दाखवायला, खांद्याचा सांधा असाच असतो, तर पोरांनी तो हातात घेऊन हलवून हलवून कुईंऽऽ असा आवाज काढून दाखवला आणि आमच्या मुख्याध्यापकांना त्यांच्या गाडीचा आवाज त्यातून कळला. त्यांच्या गाडीत मात्र शॉकअपचं बेअरिंग निघालं.

शेवटी विनंती. या सदरात महिन्यातून एकदा तरी जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीला जागा द्या, एखाद्या कान असलेल्या मिस्त्रीला विचारून लिहा, आणि गॅरेजवाल्यांना आवाहन करा की 'आवाज शोधण्याचे इतके रुपये, काम इथेच केल्यास बिलातून वजा' अशी पाटी दर्शनी भागात लावा. कराड-मलकापुरात अशी पाटी लावलेलं गॅरेज कुणाला माहीत असेल तर नावपत्त्यासकट छापा, जाहिरात समजून त्याच्याकडून पैसे घेतलेत तरी आमची हरकत नाही.

आपली,
एक वाचक शिक्षिका, कराड